जाहीरनामा लिहिणाऱ्यांस खुले पत्र: वचनाखाली अंमलबजावणीही छापा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी कोणी त्याला जाहीरनामा म्हणतो, कोणी वचननामा, कोणी शपथनामा, तर कोणी संकल्पपत्र. नाव कोणतेही असले तरी निवडणूक संपल्यावर त्यातील ओळी ज्या टेबलावर येऊन पडतात, त्या टेबलामागे मी नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. तहसील कचेरीत बसणाऱ्या माणसाला पक्षाची विचारसरणी दिसत नाही. त्याच्यापर्यंत येतो तो शासन निर्णय, सोबतचा विहित नमुना आणि दाराबाहेरची रांग. ती रांग पुढे सरकेल की तुंबेल, हे बऱ्याच अंशी विचार कागदावर उतरवतानाच ठरून गेलेले असते. म्हणून आपल्याला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रत्येक मोठ्या वचनाखाली चार ओळींत हेही छापावे, की त्याचा पैसा कोणाकडून येणार, पात्र कोण हे कोण व कशावरून ठरवणार, आणि हक्काची गोष्ट मिळाली नाही तर नागरिकाने कोणाकडे जायचे.

ही मागणी माझ्या पदरची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी स्वतंत्र भाग घातला. वचनामागील तर्क जाहीरनाम्यात दिसावा आणि त्यासाठी लागणारा पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानाने सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पक्षांना पत्र लिहून खर्चाचा तपशील ठरावीक नमुन्यात देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाले. तो आयोगाच्या अधिकारात बसतो की नाही, यावर वकिलांनी खुशाल भांडावे. मतदार म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे, की आयोगाने सक्ती करण्याची वाट आपण का पाहावी?

आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे हा व्यापक श्रद्धांचाच संग्रह आहे. अनुच्छेद ४१ म्हणतो, की राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाच्या हक्काची तरतूद करावी. हे कोणाला अमान्य आहे? डाव्यांना नाही, गांधीवाद्यांना नाही, आणि उद्योगधंद्यांच्या वाढीतून रोजगार येईल असे मानणाऱ्यांनाही नाही. अशा सर्वमान्य वाक्याचा काच कोणालाच लागत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षे सुखाने पडून राहू शकते. महाराष्ट्रात ते पडून राहिले नाही, आणि याचे श्रेय विचाराच्या थोरवीपेक्षा त्याच्या बांधणीला अधिक आहे, असे माझे मत आहे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, या कल्पनेचा पहिला प्रयोग करून पाहिला. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम द्यायचे, आणि त्या कामातून गावाला टिकाऊ मत्ता मिळवून द्यायची, एवढाच तो विचार होता. पागे मंत्री नव्हते, त्यांच्या हाताखाली कोणतेही खाते नव्हते. तरीही तो विचार भाषणातून मांडण्याऐवजी त्यांनी आधी एका गावात तो चालतो का ते पाहिले आणि मग मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवला. राज्याची रोजगार हमी योजना म्हणून ती कल्पना १९७२ मध्ये आली, आणि त्याच सुमारास भीषण दुष्काळ उभा ठाकला. मे १९७३ च्या आसपास दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणारे, नालाबांध घालणारे, पाझर तलावांची माती वाहणारे लाखो हात राज्याने त्या वर्षी पाहिले. एवढ्या माणसांना काम देण्याची यंत्रणा आपल्याजवळ आहे, हे त्या दुष्काळाने सिद्ध केले. पुढे १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

आता त्या कायद्याची बांधणी जरा जवळून पाहू, कारण आपल्या समित्यांना उपयोगी पडेल असा माल तिथे आहे.

पहिला प्रश्न पैशाचा. हमी द्यायची म्हणजे किती माणसे येतील हे आधी ठाऊक नसताना खर्च बांधून घ्यायचा. वित्त विभागाला याहून नकोशी गोष्ट दुसरी नसेल. त्यावर काढलेला तोडगा आजही राज्यातील प्रत्येक पगारदाराच्या पगारपत्रकात दिसतो. व्यवसाय कराचा १९७५ चा कायदा झाला तो याच योजनेसाठी. आज अनेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये होतात. फेब्रुवारीतले ते जादा शंभर कशाचे, असा प्रश्न कचेरीतली नवी मुले दरवर्षी विचारतात, आणि त्या कराचे मूळ दुष्काळी भागातल्या मजुरीत आहे हे ऐकून चकित होतात. या कराच्या जोडीला आणखी काही अधिभार आले. शिवाय करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा दंडक कायद्यातच घालून स्वतंत्र रोजगार हमी निधी उभा करण्यात आला. शहराने गावासाठी पैसे द्यायचे, हे तत्त्व इथे कोणत्याही घोषणेशिवाय, कराच्या एका ओळीत मान्य झाले. राजकीयदृष्ट्या ते अवघड होते, आणि ज्यांनी ते केले त्यांनी ते आधी सांगून केले.

दुसरा प्रश्न पात्रतेचा, आणि माझ्या दृष्टीने या योजनेतली खरी हुशारी इथेच आहे. गरीब कोण, हे ठरवायला यादी नव्हती, उत्पन्नाचा दाखला नव्हता, शिफारसपत्रही नव्हते. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवायचे, नमुना ४ मध्ये कामाची मागणी करायची आणि उन्हात टिकाव-फावडे हाती धरायचे. ज्याच्या घरी चार पैसे आहेत तो किमान मजुरीसाठी दिवसभर माती उपसायला येत नाही. कामच माणसाची निवड करी, आणि त्यामुळे दाखले देणाऱ्याच्या मर्जीला फारशी जागा उरत नसे. बायकांना पुरुषांइतकाच दर होता, कामावर पाळणाघराची व पिण्याच्या पाण्याची तरतूद होती, म्हणून त्या मोठ्या संख्येने आल्या. मजुरी, साहित्य व यंत्रे यांच्या खर्चाचे प्रमाणही बांधलेले होते. किमान ६० टक्के रक्कम मजुरीवर गेली पाहिजे, या एका अटीने ठेकेदार आणि यंत्रे यांना बऱ्याच अंशी बाहेर ठेवले.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेरोजगार भत्ता द्यायचा. कामांचे नियोजन व मागणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि काम करून घेण्याची पाटबंधारे, बांधकाम, मृद्‌संधारण, वन अशा तांत्रिक खात्यांकडे. दोन खात्यांत जबाबदारी वाटली की सहसा दोघेही हात झटकतात, हे आपण जाणताच. इथे मागणीचा अर्ज महसूल खात्याकडे आणि मोजमाप पुस्तिका अभियंत्याकडे असल्याने एकाला दुसऱ्याचे उत्तर मागावे लागे.

या योजनेत सारे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. हजेरी सहायकाने मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मांडलेली नावे आणि प्रत्यक्ष कामावरची माणसे यांत तफावत असे. खोदलेल्या चौकड्यांचे, म्हणजे ठरावीक मापाच्या खड्ड्यांचे, माप वेळेवर न झाल्याने मजुरी आठवडेच्या आठवडे अडके, आणि मुकादमाच्या उधारीवर घर चालवण्याची पाळी मजुरावर येई. याहून मोठा दोष मसुद्यातच राहून गेला होता. बेरोजगार भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया होती, आणि तोही फारसा कोणाला मिळाला नाही. त्याचा परिणाम १९८८ मध्ये दिसला. त्या वर्षी मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. मजुरी वाढल्यावर कामाला येणाऱ्यांची संख्या वाढायला हवी होती, पण ती उतरली. खर्च वाढताच नवी कामे सुरू करण्यात यंत्रणेने हात आखडता घेतला, आणि काम न दिल्याबद्दल तिला भरावा लागणारा दंड इतका क्षुल्लक होता की हात आखडणे परवडत होते. हमीची ताकद नकाराच्या किमतीइतकीच असते, हे मी तेव्हापासून मानत आलो आहे. पुढे २०१५ मध्ये राज्याने लोकसेवा हक्क कायदा केला, तेव्हा सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर ५०० ते ५,००० रुपयांचा दंड, दोन अपिले आणि वर आयोग अशी रचना केली. दंडाची रक्कम मोठी नाही, पण तो अधिकाऱ्याच्या पगारातून जातो, सरकारच्या तिजोरीतून नाही, आणि त्यामुळे त्याचा धाक वाटतो.

रोजगार हमीच्याच काळातली, वसंतराव नाईकांच्याच सरकारची, तितक्याच प्रामाणिक श्रद्धेतून आलेली दुसरी योजना पाहा. कापूस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या जाचातून सोडवायचे, हा विचार विदर्भात घराघरांत पोहोचलेला होता. १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातील सारा कापूस एकट्या सरकारी यंत्रणेने विकत घ्यायचा. विचार भव्य होता, पण राज्याच्या सीमेवर कापसाला अडवणारी भिंत नव्हती. बाहेर भाव चढला की आपला कापूस रातोरात मध्य प्रदेश, गुजरात, आंध्रकडे जाई. बाहेर भाव पडला की शेजारचा कापूस आपल्या संकलन केंद्रांवर येऊन पडे. म्हणजे नफ्याच्या वर्षी यंत्रणेच्या हाती माल नाही आणि तोट्याच्या वर्षी गंजीवर गंजी, असा उलटा व्यवहार योजनेच्या मुळातच होता. चढउतार सोसण्यासाठी भावचढउतार निधी ठेवला होता आणि शेतकऱ्याच्या रकमेतून तीन टक्के भांडवल उभारणीसाठी कापले जात होते, पण केंद्राच्या हमीभावावर जादा भाव जाहीर करण्याची चटक लागल्यावर तो निधी काय पुरणार? ग्रेडरने प्रत खाली लावली म्हणून भांडणारा आणि चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशासाठी, महिनोन्महिने खेटे घालणारा शेतकरी शेवटी रोख पैसे देणाऱ्या त्याच व्यापाऱ्याच्या दारी गेला. तोटा हजारो कोटींवर पोहोचला, आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. त्या काळच्या नेत्यांच्या तळमळीवर मला शंका नाही. परंतु माल सीमेपलीकडे जाईल तेव्हा काय, आणि निवडणुकीच्या वर्षी भाव वाढवण्याचा मोह कोण आवरणार, हे दोन प्रश्न कोणी कायद्यात मांडले असते, तर योजनेचे रूप निराळे झाले असते. सारा कापूस ताब्यात घेण्याऐवजी ठरावीक भावाखाली बाजार गेला तरच खरेदीत उतरायचे, असा मधला मार्ग तेव्हाही उपलब्ध होता.

दारूबंदीचे उदाहरण थोडक्यात सांगतो. अनुच्छेद ४७ मधील ही श्रद्धा राज्यात वेगवेगळ्या रीतींनी उतरली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून जिल्हाभर बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. दुसरीकडे, गावातील महिलांनी मतदान करून दुकान बंद करायचे, ही उभी बाटली आडवी बाटलीची पद्धत आहे; आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. मतदान केलेल्या महिलांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीत नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. लग्न होऊन गेलेल्या लेकी, मयत आजीबाई, ऊसतोडीला गेलेल्या बाया, या सगळ्यांची नावे यादीत असतात आणि त्यांची गैरहजेरी आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदारकीला जो निकष लावत नाहीत तो या बायांना का, असा प्रश्न त्यांनी वारंवार विचारला आहे. दारूबंदीच्या बाजूने असणाऱ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात व्यसनमुक्त महाराष्ट्राची ओळ मी अनेकदा वाचली. या एका कलमात दुरुस्ती करू, असे लिहिले असते तर मी ते अधिक गांभीर्याने घेतले असते.

अलीकडच्या काळात यावे, तर मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. कष्टकरी बाईच्या हाती स्वतःचे म्हणता येतील असे दरमहा १,५०० रुपये यावेत, या विचाराला माझा विरोध नाही. ज्या घरात बाईला हातखर्चाला दहा रुपये मागावे लागतात, त्या घरात या रकमेचे मोल काय असते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पण वर्षाला अडीच लाखांच्या आत कुटुंबाचे उत्पन्न हा निकष ठेवल्यामुळे पहिल्या आठवड्यातच तलाठ्याच्या दारात दाखल्यांसाठी झुंबड उडाली. मग लगोलग सुधारणा आल्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर दाखला नको, पाच एकर शेतजमिनीची अट नको, वयाची वरची मर्यादा ६० ऐवजी ६५, अर्जाची मुदतही वाढवली. उरलेल्या अटींबाबत अर्जदाराच्या हमीपत्रावर भिस्त ठेवण्यात आली. त्या वर्षीची विधानसभा निवडणूक झाल्यावर छाननी सुरू झाली, लाभार्थ्यांत सरकारी नोकरीतल्या महिलाही असल्याचे शासनानेच सांगितले, आणि ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचा, नवा फेरा मागे लागला. आधी पैसे देऊन नंतर चौकशी करायची झाली, तर तिचा जाच खऱ्या गरजवंताला अधिक होतो, कारण अंगठ्याचा ठसा उमटत नाही तो भांडी घासणाऱ्या बाईचा. याच निवडणुकीत एका आघाडीने रक्कम २,१०० करण्याचे सांगितले आणि दुसरीने ३,००० देण्याचे. आकड्यांची ही चढाओढ प्रत्येक सभेत ऐकू आली. यासाठी कोणता कर वाढणार किंवा कोणता खर्च कमी होणार, हे मात्र कोणाच्याही भाषणाचा विषय झाले नाही.

आपल्या समित्यांकडून यावर येणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. जाहीरनामा म्हणजे अंदाजपत्रक नव्हे, विरोधी पक्षाजवळ खात्यांची आकडेवारी नसते, आणि तपशील दिला की प्रतिस्पर्धी त्यातले वाकडे काढतो, अशी ती आहेत. शेवटची हरकत खरी आहे. कर लावू असे छापणाऱ्याची मते जातात. पण दुसरी हरकत आता टिकत नाही. राज्याची अंदाजपत्रकीय प्रकाशने, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि बहुतेक शासन निर्णय घरबसल्या वाचता येतात. कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद होती आणि किती खर्च झाला, हे एखादा जिद्दी कार्यकर्ता महिनाभरात काढू शकतो. आणि पहिल्या हरकतीबद्दल सांगायचे, तर अंदाजपत्रक मी मागतच नाही. मागतो आहे ती विचारांची कसोटी. तपशील लिहू लागले की आपल्याच पक्षातील मतभेद वर येतात, आणि ते निवडणुकीआधी वर आलेले बरे, असे मला वाटते. शेतकऱ्याला न्याय या दोन शब्दांवर आपल्या समितीत सर्वांचे एकमत असेल. कर्जमाफीत बँकेकडून कर्ज न घेता सावकाराकडून घेणारा, दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि नियमित फेड करणारा यांचे काय करायचे, हे ठरवायला बसा, म्हणजे तासाभरात तीन गट पडतील. आज ते गट मंत्रालयात पडतात. एखादा कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, वित्त विभाग अनौपचारिक संदर्भाने सहमती देताना चार अटी घालतो, आणि ज्यांनी मत दिले त्यांना त्या अटी शासन निर्णयाच्या सातव्या पानावर प्रथम दिसतात.

यासाठी एक सोपी रीत सुचवतो. जाहीरनामा छापखान्यात जाण्यापूर्वी त्यातील पहिल्या पाच वचनांची एकेक प्रत एका निवृत्त तहसीलदाराला, एका ग्रामसेवकाला, एका अंगणवाडी सेविकेला आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काम केलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावी. ते आपल्या पक्षाचे असण्याची गरज नाही. या वचनाचा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर पहिल्या दिवशी काय अडेल, एवढेच त्यांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेली अडचण सोडवणारी ओळ वचनाखाली घालावी. ज्या वचनाखाली अशी ओळ घालता येत नाही, ते आकांक्षा म्हणून वेगळ्या भागात छापावे. त्यात कमीपणा नाही. घटनाकारांनीही न्यायालयात मागता येणारे हक्क एका भागात आणि मार्गदर्शक तत्त्वे दुसऱ्या भागात ठेवलीच होती.

येत्या निवडणुकीत आपल्यापैकी जो पक्ष असे करील, त्याचा जाहीरनामा मी गावातील वाचनालयात आणि बाजाराच्या पारावर स्वतः वाचून दाखवीन, मग तो पक्ष माझ्या मताचा असो वा नसो. करवाढीची ओळ असेल तर तीही वाचीन.

कळावे,

आपला विश्वासू,
महसूल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी आणि मतदार